गोंग यू : कमी कामाचा मोठा नट

कोरियन मालिका बघणाऱ्या कुणालाही पाच नटांची नावं विचारा, त्यात गोंग यू बहुतेक असतोच. पण त्याच्या कामांची यादी काढून बसलात तर बुचकळ्यात पडाल. २००१ पासून तो पडद्यावर आहे. २००७ मध्ये 'कॉफी प्रिन्स' तुफान गाजली आणि त्यानंतरच्या सतरा वर्षांत त्याने मुख्य भूमिका केलेल्या मालिका किती? चार. मधे तीन-तीन, पाच-पाच वर्षांची पोकळी. त्यातली जवळपास दोन वर्षं तर तो चक्क सैन्यात होता. आपल्याकडे एखादा नट एवढा काळ दिसला नाही की लोक विचारायला लागतात, "सध्या काय करतो हो तो?" गोंग यूच्या बाबतीत उलटं होतं. तो जितका कमी दिसतो तितकी लोकांची उत्सुकता वाढते.

या कोड्याचं उत्तर त्याच्या दिसण्यात शोधून हाती काही लागत नाही. देखण्या नटांची सोलमध्ये वाण नाही. उत्तर आहे ते तिथल्या टीव्ही आणि सिनेमाच्या व्यवस्थेत. कोरियात नटाचं करिअर कसं घडतं, कुठं अडतं, कोण कुणावर अवलंबून असतं, हे एकदा कळलं की त्याचे निर्णय उलगडायला लागतात. माझं मत आधीच सांगून टाकते. गोंग यूने लोकप्रियता कमावली तशी ती खर्चही केली, आणि कशावर खर्च केली हे त्याच्या करिअरमधलं सगळ्यात बघण्यासारखं आहे.

आधी टीव्हीचं गणित. आपल्याकडची मराठी मालिका म्हणजे आठवड्यातले पाच-सहा दिवस, आणि टीआरपी चांगला असेल तर दोन-तीन वर्षं सहज. कथा वाढत जाते, पात्रं येतात-जातात, लेखकही बदलतात. कोरियात संध्याकाळी दाखवली जाणारी प्रमुख मालिका साधारण सोळा भागांची असते. आठवड्यातून दोन दिवस, लागोपाठ. सोमवार-मंगळवारची मालिका वेगळी, बुधवार-गुरुवारची वेगळी, शनिवार-रविवारची वेगळी. दोन महिन्यांत खेळ खलास. बहुतेक वेळा सगळे भाग एकच लेखक, खरं तर बऱ्याचदा एकच लेखिका, लिहिते. त्यामुळे नट एका भूमिकेत अडकून पडत नाही. काम संपलं की तो मोकळा. पुढचं काम लगेच घ्यायचं की नाही, हे तो ठरवू शकतो. अर्थात मागचं काम चाललं असेल तर.

याची दुसरी बाजू मात्र भयंकर होती. मालिका सुरू व्हायची तेव्हा जेमतेम काही भागांचं चित्रीकरण झालेलं असायचं. पुढचे भाग प्रक्षेपण चालू असतानाच लिहिले जायचे, चित्रित व्हायचे आणि कधी कधी संकलनाच्या टेबलावरून थेट प्रसारणाला जायचे. प्रेक्षकांच्या प्रतिक्रिया बघून कथा वळवायची सोय, म्हणून चॅनेलला हे सोयीचं. नट आणि तंत्रज्ञ मात्र आठवडेच्या आठवडे झोपेविना. पानभर संवाद सेटवर हातात पडायचे आणि तासाभरात कॅमेऱ्यासमोर उभं राहायचं. २०१८ मध्ये कामगार कायद्यात दुरुस्ती होऊन आठवड्याला जास्तीत जास्त ५२ तासांची मर्यादा आली आणि हळूहळू हे चित्र बदललं. पण गोंग यूची गाजलेली मालिका-कारकीर्द बहुतेक सगळी त्याआधीची. एक मालिका संपल्यावर तो चार-पाच वर्षं दुसरी का घेत नव्हता, याचं अर्धं कारण मला तरी इथंच दिसतं.

त्याचं खरं नाव गोंग जी-चोल. जन्म १० जुलै १९७९, बुसानचा. वडिलांचं आडनाव गोंग, आईचं यू. दोन्ही जोडून पडद्यावरचं नाव घेतलं. कोरियात लग्नानंतर बायका आडनाव बदलत नाहीत, मुलांना मात्र सहसा वडिलांचंच मिळतं. त्या रीतीत हे नाव लक्षात राहण्यासारखं आहे. क्युंग-ही विद्यापीठात त्याने नाट्यशास्त्र शिकलं, एका संगीत चॅनेलवर निवेदक म्हणून काम केलं आणि २००१ मध्ये केबीएसच्या 'स्कूल ४' या शाळकरी मुलांच्या मालिकेतून अभिनयात आला. पुढची पाच-सहा वर्षं म्हणजे दुय्यम भूमिका, मधूनच एखादी मुख्य, चालली-न-चालली अशी कामं. त्यात फार रेंगाळण्यासारखं काही नाही. चेहरा ओळखीचा झाला होता, नाव व्हायचं होतं.

ते झालं जुलै २००७ मध्ये. एमबीसीवर 'कॉफी प्रिन्स' सुरू झाली. खाद्यपदार्थांची मोठी कंपनी असलेल्या घरातला बेफिकीर नातू चोई हान-ग्युल एक डबघाईला आलेलं कॅफे चालवायला घेतो आणि तिथं फक्त तरुण मुलं कामाला ठेवतो. त्यातला एक, गो उन-चान, खरं तर मुलगी असते. घर चालवायला पैसे हवेत म्हणून तिने मुलगा असल्याचं भासवलेलं असतं. इथवर कथा जुनीच. मुलाच्या वेशातली मुलगी आपल्या नाटक-सिनेमांनाही नवीन नाही. पण तशा कथांमध्ये प्रेमाची कबुली येते ती सत्य कळल्यानंतर, म्हणजे कुणालाच धक्का बसत नाही. इथं हान-ग्युल आधी आपण एका मुलाच्या प्रेमात पडलोय या जाणिवेने हादरतो, डॉक्टरकडे जातो, स्वतःवर चिडतो, त्याला टाळतो. आणि मग त्याला जवळ ओढून सांगतो की तू पुरुष असलास काय नि परग्रहावरचा असलास काय, मला आता फरक पडत नाही, जाऊ तिथवर जाऊ. सत्य त्याला तेव्हाही माहीत नसतं.

२००७ मधल्या कोरियात, घराघरांत बघितल्या जाणाऱ्या चॅनेलवर, हे वाक्य नायकाच्या तोंडी येणं ही लहान गोष्ट नव्हती. प्रेक्षकाला मुलीचं सत्य आधीपासून ठाऊक असतं, त्यामुळे मालिकेने स्वतःला थोडं सुरक्षित ठेवलंय हे खरंच. तरी तो प्रसंग आज बघितला तर कळतं की धोका लेखनाइतकाच नटानेही पत्करलाय. त्यात कुठेही 'मी खरं तर असा नाही हं' असं प्रेक्षकाला डोळा मारून सांगणं नाही. आवाज चढत नाही, उलट दमल्यासारखा खाली येतो. दिग्दर्शिका ली युन-जंग यांनी कलाकारांना संवादापेक्षा वावरायला जास्त मोकळीक दिली होती आणि ती दिसते. शेवटाकडे रेटिंग २७ टक्क्यांच्या आसपास गेलं. सोलच्या होंगदे भागातलं चित्रीकरणाचं कॅफे पुढे कितीतरी वर्षं पर्यटकांचं ठिकाण बनून राहिलं.

अशा यशानंतर काय होतं? जाहिराती येतात, पुढच्या दोन मालिका ठरतात, आशियाभर दौरे. गोंग यूने १४ जानेवारी २००८ ला केस कापले आणि सैन्यात दाखल झाला.

हा त्याचा त्याग वगैरे नव्हता. दक्षिण कोरियात सक्षम पुरुषाला लष्करी सेवा सक्तीची आहे आणि साधारण अठ्ठाविसाव्या वर्षापर्यंत ती सुरू करावीच लागते. बीटीएस या पॉप बँडच्या मुलांमुळे हा विषय आपल्याकडच्या शाळकरी पोरांनाही तोंडपाठ झालाय. आता भूदलात दीड वर्ष जातं, तेव्हा दोन वर्षांच्या आसपास जायचं. ऑलिम्पिकमध्ये कुठलंही पदक किंवा आशियाई खेळांत सुवर्ण मिळवणाऱ्या खेळाडूंना आणि ठरावीक स्पर्धा जिंकणाऱ्या शास्त्रीय संगीतकारांना सवलत आहे, नटांना नाही. टाळाटाळ केली तर लोक विसरत नाहीत. एका लोकप्रिय गायकाने २००२ मध्ये अमेरिकी नागरिकत्व घेतलं आणि सेवेतून सुटला. त्याला कोरियात प्रवेशच बंद झाला आणि तो वाद वीस वर्षांनंतरही धुमसत होता. म्हणून प्रत्येक कोरियन नटाच्या विशी-तिशीच्या मधोमध ही दोन वर्षांची दरी असतेच. तिच्या आधी पुरेसं नाव झालं नसेल तर परतल्यावर कुणी ओळखत नाही. आणि नाव झालेलं असेल तरी परतणारा माणूस तिशीचा असतो. वीस वर्षांच्या गोंडस नायकाच्या भूमिका तोवर दुसऱ्या कुणाकडे गेलेल्या असतात.

गोंग यू आधी उत्तर कोरियाच्या सीमेजवळच्या चोरवॉन भागात होता, नंतर त्याची बदली संरक्षण खात्याच्या प्रसारण विभागात झाली. सेवेत असताना बढती मिळाल्यावर त्याला भेट म्हणून एक कादंबरी मिळाली. 'दोगानी', लेखिका गोंग जी-यंग. ग्वांगजू शहरातल्या इनह्वा या कर्णबधिर मुलांच्या निवासी शाळेत काय घडलं, त्यावर बेतलेली. शाळेतल्या मोठ्या पदांवरची माणसं वर्षानुवर्षं मुलांवर लैंगिक अत्याचार करत होती. प्रकरण २००५ मध्ये बाहेर आलं, खटला झाला, पण शिक्षा इतक्या हलक्या लागल्या की काहीजण तुरुंगात गेलेच नाहीत आणि काही तर शाळेत पुन्हा कामावर रुजू झाले.

पुस्तक वाचून त्याने आपल्या एजन्सीला विचारलं, याचा सिनेमा होऊ शकतो का? कोरियात नटाची एजन्सी म्हणजे फक्त तारखा सांभाळणारा सेक्रेटरी नव्हे. संहिता निवडणं, करार, जाहिराती, कधी कधी निर्मात्यांशी जुळवाजुळव, सगळं तिथून चालतं. हक्क मिळाले, दिग्दर्शक म्हणून ह्वांग डोंग-ह्युक आले आणि २२ सप्टेंबर २०११ ला सिनेमा प्रदर्शित झाला. इंग्रजीत त्याचं नाव 'सायलेन्स्ड'.

रोमँटिक नायकाने आपली प्रतिमा अशा सिनेमासाठी पणाला लावणं धंद्याच्या दृष्टीने वेडेपणाच होता. त्याची भूमिका नव्याने रुजू झालेल्या चित्रकला शिक्षकाची. हा शिक्षक वीर नाही. नोकरीसाठी लाच मागितली जाते तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर संताप नसतो, हिशोब असतो: घरी आजारी मुलगी, तिला सांभाळणारी आई, पैसे कुठून आणायचे. गोंग यूने हा माणूस पूर्ण सिनेमाभर खांदे पाडून उभा केलाय. शेवटी भर रस्त्यात पोलीस निदर्शकांवर पाण्याचे फवारे सोडत असतात आणि हा हातात एका मुलाचा फोटो धरून, पाण्याच्या माऱ्यात, पुन्हा पुन्हा एवढंच सांगत राहतो की या मुलाला ऐकू येत नव्हतं, बोलता येत नव्हतं, याचं नाव मिन-सू. भाषण नाही, घोषणा नाही.

प्रौढांसाठीच्या प्रमाणपत्रासह हा सिनेमा ४६ लाखांहून जास्त लोकांनी थेटरात जाऊन पाहिला. देशभर संताप उसळला. प्रकरण पुन्हा उघडलं गेलं, शाळा बंद झाली आणि महिनाभरातच, ऑक्टोबर २०११ च्या अखेरीला, कोरियन संसदेने कायदा दुरुस्त केला. तेरा वर्षांखालील मुलं आणि अपंग व्यक्तींवरील लैंगिक गुन्ह्यांना खटला दाखल करण्याची कालमर्यादा उरली नाही. लोक या दुरुस्तीला आजही 'दोगानी कायदा' म्हणतात. शाळेच्या एका माजी प्रशासकीय अधिकाऱ्याला २०१२ मध्ये बारा वर्षांची शिक्षा झाली. कायदा एका नटामुळे बदलला असं म्हणणं भाबडेपणाचं आहे. तक्रार करणारी मुलं होती, त्यांच्यासाठी वर्षानुवर्षं लढणारे कार्यकर्ते होते, कादंबरी होती. पण प्रसिद्ध नट पुढे आला नसता तर अशा विषयाला पैसा आणि पडदे मिळाले असते का, हा प्रश्न रास्त आहे.

त्याच्या आदल्या वर्षीचा, डिसेंबर २०१० मधला, 'फाइंडिंग मिस्टर डेस्टिनी' हा हलकाफुलका सिनेमा आपल्या दृष्टीने मजेशीर आहे, कारण त्यातल्या नायिकेचं पहिलं प्रेम तिला भारतात भेटलेलं असतं आणि ते प्रसंग जोधपूरला चित्रित झालेत. निळी घरं, मेहरानगड, सगळं आहे. सैन्यातून परतल्यावर त्याने आधी हा सोपा सिनेमा केला आणि मग 'सायलेन्स्ड' आला. २०१२ मधली 'बिग' ही केबीएसची मालिका मात्र शेवट फसल्याने लोकांच्या शिव्या खाऊन संपली. ती सोडून दिली तरी चालेल.

आता सिनेमाचं गणित. आपल्याकडे सिनेमाचं यश कोटी रुपयांत मोजतात, कोरियात माणसांत. किती तिकिटं विकली गेली याची देशभराची नोंद कोरियन फिल्म कौन्सिल ठेवते आणि ती कुणालाही बघता येते. त्यामुळे आकडे फुगवायला फारसा वाव नाही. तिथला मानाचा टप्पा म्हणजे एक कोटी प्रेक्षक. देशाची लोकसंख्या पाच कोटींच्या थोडी वर. म्हणजे साधारण दर पाच माणसांमागे एक तिकीट. हे झालं की दिग्दर्शकाला आणि नटाला पुढची काही वर्षं कुणी नाही म्हणत नाही.

गोंग यूला हा टप्पा २०१६ मध्ये लाभला. तोवर २०१३ च्या 'द सस्पेक्ट'मध्ये त्याने पळून आलेल्या उत्तर कोरियन हेराची मारधाडीची भूमिका करून ४१ लाख प्रेक्षक मिळवले होते. २०१६ हे वर्ष मात्र सगळं एकदम घेऊन आलं: फेब्रुवारीत फिनलंडच्या बर्फात सुरू होणारी 'अ मॅन अँड अ वुमन', जुलैत 'ट्रेन टू बुसान', सप्टेंबरमध्ये दिग्दर्शक किम जी-वून यांचा 'द एज ऑफ शॅडोज' आणि डिसेंबरमध्ये 'गॉब्लिन'.

'ट्रेन टू बुसान'चे दिग्दर्शक योन सांग-हो तोवर ॲनिमेशनमधले. कोरियात झोंबीपट मोठ्या पडद्यावर चालतील यावर फारसा कुणाचा विश्वास नव्हता. मे महिन्यात कान महोत्सवात मध्यरात्रीच्या खेळात तो दाखवला गेला, जुलैत देशात आला आणि १ कोटी १५ लाखांवर जाऊन थांबला. त्या वर्षी एक कोटी ओलांडणारा तो पहिला सिनेमा. गोंग यू त्यात सोक-वू नावाचा फंड मॅनेजर आहे, लहान मुलीला तिच्या आईकडे बुसानला सोडायला निघालेला. सुरुवातीला हा माणूस इतका स्वार्थी आहे की आजींना जागा देणाऱ्या स्वतःच्या लेकीला तो समजावतो, अशा वेळी फक्त आपलं बघायचं. (ज्यांनी पाहिला नाही त्यांनी पुढची चार वाक्यं गाळावीत.) शेवटी त्याला चावा बसतो. इंजिनाच्या मागच्या टोकाला उभा राहून तो माणूसपण संपण्याच्या आतल्या काही क्षणांत मुलीचा जन्म आठवतो, तान्ह्या बाळाला पहिल्यांदा हातात घेतलेलं. आणि झोंबी होता होता हसतो. भयपटात नायकाचा मृत्यू हसऱ्या चेहऱ्यावर ठेवायचा, तोही भडक न होऊ देता, हे वाटतं तेवढं सोपं नाही.

मग 'गॉब्लिन'. इथं टीव्हीच्या व्यवस्थेतला दुसरा बदल समजून घ्यावा लागतो. फार काळ केबीएस, एमबीसी आणि एसबीएस या तीन चॅनेलांचं राज्य होतं. केबल चॅनेल म्हणजे दुय्यम. २००६ मध्ये सुरू झालेल्या टीव्हीएनने हळूहळू चांगले लेखक आणि मोठा खर्च यांच्या जोरावर हे उलटवलं. कोरियन मालिकेत लेखकाचं नाव नटाइतकं विकलं जातं आणि किम उन-सुक हे त्यातलं सर्वांत वजनदार नाव. त्यांनी गोंग यूला अनेक वर्षं विचारलं होतं आणि तो नाही म्हणत आला होता. शेवटी ज्या भूमिकेला हो म्हटलं ती ९३९ वर्षं वयाच्या, छातीत तलवार रुतलेल्या, मरण न येणाऱ्या, गोर्यो या जुन्या कोरियन राजवटीच्या काळातल्या सेनापतीची. तलवार उपसणारी 'वधू' सापडली की मुक्ती. आणि ती सापडते तेव्हा त्याला नेमकं जगावंसं वाटू लागतं.

यात कॅनडातलं क्युबेक सिटी आहे, गांगन्युंगचा समुद्रात घुसलेला तो बांध आहे, जिथं हातात कुट्टूच्या (बकव्हीटच्या) पांढऱ्या फुलांचा गुच्छ घेऊन गोंग यू उभा राहतो. तिथं आजही लोक लाल मफलर गुंडाळून रांगेत फोटो काढतात. नायिका शाळकरी आणि नायक दिसायला पस्तिशी ओलांडलेला, यावर टीका झाली आणि ती मला चुकीची वाटत नाही. पण मालिकेचा जीव मला प्रेमकथेत कमी आणि गोंग यू व ली डोंग-वूक यांच्या एका घरात राहण्यात जास्त वाटतो. एक अमर, दुसरा यमदूत, आणि भांडण कांद्या-लसणावरून! नऊशे वर्षांचं दुःख आणि पोरकटपणा एकाच चेहऱ्यावर ठेवणं हे या भूमिकेचं काम होतं. शेवटच्या भागाचं रेटिंग २०.५ टक्के. केबलवरच्या मालिकेने वीसचा आकडा ओलांडण्याची ती पहिली वेळ. मे २०१७ मध्ये कोरियातल्या मानाच्या बेकसांग पुरस्कारांत टीव्ही विभागातला सर्वोत्कृष्ट अभिनेता तोच ठरला.

आणि पुन्हा गायब. जवळपास तीन वर्षं ना मालिका ना नवा सिनेमा. यावर प्रश्न येतो, मग घर कसं चालतं? जाहिरातींवर. कोरियात मोठ्या नटाच्या मिळकतीत जाहिरातींचा वाटा फार मोठा असतो, आणि एकाच ब्रँडशी दीर्घकाळ जोडलेलं राहणं हे प्रतिष्ठेचं मानतात. २०११ पासून गोंग यू कानू या इन्स्टंट कॉफीचा चेहरा आहे. 'कॉफी प्रिन्स'चा नायक कॉफीच विकतोय, यापेक्षा सरळ हिशोब जाहिरातवाल्यांना सापडला नसता. ही मिळकत असल्यामुळेच नको ती कामं नाकारायची चैन परवडते. उलट बाजूही आहे: जाहिरातींचा नट वादग्रस्त विषयाला हात लावत नाही, कारण करार तुटू शकतात.

म्हणूनच २०१९ मधली त्याची निवड लक्षात राहते. 'किम जी-यंग, बॉर्न १९८२' ही चो नाम-जू यांची कादंबरी. एका सामान्य विवाहित बाईचं सामान्य आयुष्य: मुलगी म्हणून घरात कमी वाटा, नोकरीत मागे ठेवणं, मूल झाल्यावर नोकरी सुटणं, सणाला सासरी राबणं. आपल्याकडच्या कुठल्याही वहिनीला ओळखीचं वाटेल असं. कोरियात या पुस्तकावरून अक्षरशः दोन तट पडले. सिनेमात जंग यू-मी काम करणार हे जाहीर होताच तिच्यावर ऑनलाइन शिव्यांचा भडिमार झाला, सिनेमा थांबवा म्हणून राष्ट्राध्यक्षांच्या संकेतस्थळावर अर्ज पडला. गोंग यूने त्यात नवऱ्याची भूमिका घेतली. ती मुख्य भूमिका नाही. हा नवरा खलनायक नाही, प्रेमळ आहे, काळजी करतो, आणि तरीही त्याला पुष्कळ काही दिसत नाही. सणाला आईच्या घरी तो बायकोला मदत म्हणून भांडी घासायला उठतो आणि त्याने तिची अडचण आणखी वाढते, कारण सासूबाईंच्या नजरेत आता दोषी तीच. ३६ लाखांहून अधिक लोकांनी सिनेमा पाहिला. जंग यू-मी 'सायलेन्स्ड' आणि 'ट्रेन टू बुसान'मध्येही त्याच्याबरोबर होती. तीन सिनेमे, आणि प्रेमी म्हणून गाणी-बागा एकदाही नाहीत.

मग कोरोनाची साथ आली, थेटरं ओस पडली आणि करिअर ओटीटी प्लॅटफॉर्मकडे वळलं. एप्रिल २०२१ मधला 'सोबोक' थेटरात आणि टीव्हिंग या कोरियन प्लॅटफॉर्मवर एकाच दिवशी आला. थेटरात फारसा चालला नाही. त्या वर्षाअखेरची नेटफ्लिक्सवरची 'द सायलेंट सी' ही चंद्रावरची मालिका दिसायला देखणी आहे, पण त्यात गोंग यू दगडासारखा ताठ आहे आणि आठ भाग पुढे सरकता सरकत नाहीत. चाहत्यांना राग येईल, येऊ दे.

जगभर त्याला ओळख मिळाली ती मात्र सोलच्या मेट्रो स्थानकावरच्या काही मिनिटांनी. 'स्क्विड गेम'मधला सुटाबुटातला माणूस, जो दिवाळखोर नायकाशी कागदाच्या चौकोनांचा पोरखेळ खेळतो आणि हरल्यावर पैशांऐवजी थोबाडीत मारतो. दिग्दर्शक ह्वांग डोंग-ह्युक, म्हणजे 'सायलेन्स्ड'चेच. दहा वर्षांपूर्वीच्या त्या ओळखीतून आलेली ही पाहुणी भूमिका. कोरियन प्रेक्षकाला यातली गंमत जास्त कळते, कारण हसून गालावर चापट मारणारा हा चेहरा त्यांच्या घरात वर्षानुवर्षं कॉफी पाजत आलाय. डिसेंबर २०२४ मध्ये दुसऱ्या पर्वाच्या पहिल्याच भागात या पात्राला पूर्ण जागा मिळाली. बागेतल्या बेघर लोकांपुढे तो पाव किंवा लॉटरीचं तिकीट, एक काहीतरी निवडा म्हणून फिरतो. बहुतेक जण तिकीट घेतात. उरलेले पाव तो जमिनीवर ओतून बुटाने तुडवतो. आधी शांतपणे, मग बेभान होऊन. माझ्या मते हे त्याचं आजवरचं सर्वांत चांगलं काम आहे, आणि त्यात तो सज्जन नाही, प्रेमिक नाही, बापही नाही. त्याच्या महिनाभर आधी आलेली 'द ट्रंक' ही नेटफ्लिक्सवरची कराराच्या लग्नाची मालिका मात्र संथ आहे. सोसत असेल तरच लावा.

कुठून सुरुवात करायची म्हणाल तर 'गॉब्लिन'पासून नको. आधी 'ट्रेन टू बुसान' बघा, दोन तासांत काम होतं. मग 'कॉफी प्रिन्स', तिचे पहिले तीन-चार भाग जुनाट वाटले तरी दहाव्यापर्यंत टिकून राहा. 'किम जी-यंग' घरातल्या सगळ्यांना बरोबर बसवून बघा, विशेषतः सणाच्या आठवड्यात. आणि 'सायलेन्स्ड' एकट्याने, दिवसा, लहान मुलं आसपास नसताना.